चिठ्ठीचं उत्तर कोण देणार?

शाळेत वर्षातून एकदा ‘परीक्षा आणि ताणतणाव’ या विषयावर लेक्चर होतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि विषय संपतो. पण उरलेल्या दिवसांचं काय? मुलांचं ऐकायला शाळेत रोज कुणी असतं का? आणि नसेल, तर ते ‘कुणी’ आणायचं कुठून?

आम्ही नववीत होतो. भाईंदर पूर्वेला आमची शाळा. एका शनिवारी शेवटचे दोन तास रद्द झाले म्हणून आम्ही जाम खूश होतो. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, माइक ‘हॅलो हॅलो’ करून तपासला आणि एक पाहुणे आले. विषय होता तणावमुक्त परीक्षा. ते छान बोलले. मध्ये दोन जोक केले, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. मागच्या रांगेतली मुलं डोळे मिटल्याचं निमित्त करून खरंच झोपली.

शेवटी ते म्हणाले, ‘मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. नाव लिहू नका.’ वह्यांची पानं टराटरा फाटली. चिठ्ठ्या गोळा झाल्या. तेवढ्यात घंटा झाली, पाहुण्यांचा सत्कार झाला, आभारप्रदर्शन झालं आणि आम्ही घरी पळालो. चिठ्ठ्यांची पिशवी टेबलावरच राहिली. तिचं पुढे काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनेही एक चिठ्ठी लिहिली होती. ‘काय लिहिलंस गं?’ म्हणून मी डोकावले, तर तिने हाताने कागद झाकला. मला वाटलं, कुणावर तरी क्रश असेल. त्यानंतर तिच्या दांड्या वाढल्या. कधी पोटात दुखतंय, कधी डोकं. वर्गात ‘नाटकं करते’ असं बोललं जाऊ लागलं. खोटं कशाला बोलू, मीही हसले होते. दहावीची परीक्षा ती आमच्याबरोबर देऊ शकली नाही. तिचं एक वर्ष गेलं.

त्या काळात तिच्या बाबांचं इंडस्ट्रियल इस्टेटमधलं भांड्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं होतं, घरात रोज भांडणं होती आणि ती कित्येक आठवडे धड झोपली नव्हती, हे मला खूप नंतर कळलं. तेही तिनेच सांगितलं म्हणून. (तिचं नाव इथे नाही. पण तिला विचारून लिहितेय.)

आठवून बघा

आता तुम्ही एक करा. स्वतःचा नववी-दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तेव्हा खूप काहीतरी बिनसलं असतं, तर शाळेत कुणाला सांगितलं असतं? एक नाव घ्या.

मी हा प्रश्न आमच्या बिल्डिंगमधल्या, कॉलेजमधल्या आणि सकाळच्या लोकलमधल्या मैत्रिणींना विचारत सुटले. बहुतेक जणी हसल्या. काहींनी मैत्रिणीचं नाव घेतलं. शाळेतल्या मोठ्या माणसाचं नाव एखाददुसरीनेच घेतलं. हा काही सर्व्हे नाही, पण तुमचं उत्तरही फार वेगळं नसावं.

आता खरे सर्व्हे बघू. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात 13 ते 17 वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. साठ जणांचा वर्ग धरला तर सरासरीने चार मुलं. म्हणजे दोन बाक. आणि हे फक्त आजाराच्या व्याख्येत बसणारे. माझ्या मैत्रिणीसारखे, ज्यांना अजून आजार नाही पण झोप उडालीये, ते वेगळे.

दुसरा आकडा लिहिताना हात थबकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रातले होते. परीक्षेतलं अपयश हे त्यातलं एक कारण. घर, नाती, आजार, पैसा, छळ अशी कितीतरी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण यातली बरीच मुलं रोज शाळा-कॉलेजात जात होती. कुणाच्या तरी समोर बसत होती.

‘ठाण्याला पाठवा हिला’

आपल्याकडे हा डायलॉग सगळ्यांनी ऐकलेला असतो. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मुंबई-ठाणे पट्ट्यात ‘ठाणे’ ही मस्करीतली शिवीच झाली. पण याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. आयपीएच म्हणून ती ओळखली जाते. तिथल्या ‘वेध’ परिषदेला शाळेकडून गेलेले तुमच्यातले काही जण असतील. मन म्हणजे फक्त वेडाचा विषय नाही, हे मराठी घरांपर्यंत पोहोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. प्रशिक्षित स्वयंसेवकांना सोबत घेऊन तिने कामं उभी केली, हे इथे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पण भाईंदरहून ठाण्याला जायचं कसं? थेट लोकल नाही. घोडबंदर रोडने बस, आणि त्या रस्त्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. गोल्डन नेस्टला चार घरची कामं करणाऱ्या बाईला मुलाला घेऊन दर आठवड्याला ठाणे गाठायचं तर त्या दिवसाचा पगार गेला. उत्तनच्या कोळीवाड्यातून निघायचं तर आधी भाईंदर स्टेशनला यायचंय. शिवाय शेजारणीने विचारलं, ‘कुठे निघालीस गं?’ तर काय सांगायचं?

म्हणून शाळा महत्त्वाची. मूल तिथे रोज येतंच. तिकीट नाही, सुट्टी नाही, शेजारणीला उत्तर नाही.

2011 च्या जनगणनेतच आपल्या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. आई-बाबा सकाळच्या गाडीने जातात आणि रात्री येतात. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या, आणि घरी बोलली जाणारी भाषा अनेकदा पाचवीच. ‘मला उदास वाटतंय’ हे वाक्य इथलं प्रत्येक मूल वेगळ्या शब्दांत म्हणतं. कुणी ‘मन लागत नाही’ म्हणेल, कुणी नुसतं ‘पोटात दुखतंय’. ते कळायला ऐकणारा माणूस इथला हवा.

कोर्टाने सांगितलंय, पण माणसं कुठून आणायची?

25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका ‘नीट’च्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी 15 मार्गदर्शक सूचना केल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. थोडक्यात सांगते. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा. विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावायचे.

ऐकायला भारी वाटतं. पण भारतात दर लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ आहेत सुमारे 0.75. म्हणजे एकही पूर्ण नाही. समुपदेशक त्यांच्यापेक्षा जास्त असले, तरी प्रत्येक शाळेला एक पुरतील असं चित्र नाही, आणि सगळ्या शाळांना पूर्ण पगारही परवडत नाही. मग शाळा काय करणार? कागदावर एक नाव लिहिणार आणि वर्षातून एक लेक्चर ठेवणार. पुन्हा सतरंज्या, पुन्हा शाल-श्रीफळ.

यातून बाहेर पडायचा एक रस्ता आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माणसांनी शोधलाय. तो बघायला मात्र बिहारला जावं लागेल.

नालंदातला ‘मित्र’

‘संगाथ’ ही 1996 मध्ये गोव्यात सुरू झालेली संस्था. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. तज्ज्ञ कमी आहेत ना, मग साध्या माणसांना नीट शिकवून तयार करता येईल का, हा या संस्थेचा जुना ध्यास. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत त्यांनी हे करून पाहिलं. मग 2015 मध्ये बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग सुरू केला. 74 शाळा, नववीतली सुमारे तेरा हजार मुलं.

शाळांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात प्रत्येक शाळेत एक ‘सेहर मित्र’ दिला. हा डॉक्टर नव्हता, मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण घेतलेलाही नव्हता. त्याला या कामाचं ट्रेनिंग दिलं होतं आणि त्याच्या कामावर वरून लक्ष होतं. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला शिकवून दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचं चाललं होतं तेच.

मित्राने काय केलं? फार ग्रेट वाटेल असं काही नाही. प्रार्थनेच्या वेळी एखादा विषय बोलायचा. भित्तिपत्रक काढायचं. मुलांचे गट करून त्यांनाच शाळेतल्या अडचणी शोधायला लावायच्या. मुलांनी मनातलं लिहून टाकावं म्हणून एक पेटी ठेवायची आणि त्यातल्या चिठ्ठ्यांचं पुढे काहीतरी करायचं. ज्याला एकट्याने बोलायचंय, त्याला वेळ द्यायचा.

2018 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. मित्र असलेल्या शाळांत मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या होत्या. शाळेतलं वातावरण चांगलं झालंय असं मुलं सांगत होती. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला.

आणि शिक्षकांचा गट? तेच काम, तेच उपक्रम. फरक जवळपास नाही.

हे वाचून मी चकित झाले. मला वाटलं होतं, शिक्षक मुलांना ओळखतात, म्हणजे त्यांचंच जास्त चालेल. म्हणून मी आमच्या शाळेतल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अगं, मुलगी रडवेली दिसते ते मला कळतं. पण पस्तीस मिनिटांत तास संपतो. मग पेपर तपासायचे, ‘सरल’वर माहिती भरायची, निवडणुकीची ड्यूटी आली की तिकडे जायचं. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावते आणि मीच विसरते.’ पुढे त्या जे बोलल्या ते मला जास्त पटलं. ‘आणि मला ती सांगेल का? तिच्या आईला शाळेत बोलावणारी मीच ना!’

बरोबर आहे. ज्यांच्या हातात आपले मार्क आणि डायरीतला शेरा आहे, त्यांना आपण सगळं सांगत नाही. यात शिक्षकांचा दोष नाही, त्यांच्या खुर्चीचा आहे.

शिक्षक नकोत का मग?

हवेतच. पण त्यांचं काम वेगळं. केंद्र सरकारच्या 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलंय आणि भावनिक आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. शिक्षक ओळखू शकतात. कुणाचं अक्षर अचानक बिघडलं, कोण डबा न खाता परत नेतं, कोण मित्रांपासून तुटलंय. ओळखायचं आणि पुढे जोडून द्यायचं, एवढं झालं तरी खूप.

त्यानंतरची कडी म्हणजे ऐकणारा. इथे शाळेबाहेरची माणसं लागतात. कुणी म्हणेल, हे शहरात आणि आपल्या लोकांत कुठे चालणार? तर नाशिक जिल्ह्यातल्या गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच लोकांना शिकवलं, मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवल्या, आणि त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकायला सुरुवात केली. दिल्लीतल्या सरकारी शाळांत ‘संगाथ’च्या समुपदेशकांनी मोठ्या मुलांशी वीस ते तीस मिनिटांच्या चार-पाच भेटींत काम केलं. अडचण नेमकी कुठली, त्यावर काय काय करता येईल, त्यातलं एक करून बघ. बस्स. सोबत चित्रकथांच्या पुस्तिका. नुसती पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या अडचणींची धार जास्त कमी झाली.

तिसरी कडी तज्ज्ञाची. ऐकणाऱ्याला झेपणार नाही असं काही समोर आलं तर कुठल्या दवाखान्यात, कुणाकडे पाठवायचं, हे आधीच ठरलेलं हवं. ऐन वेळी गुगल करून चालत नाही. आणि चौथी कडी घर.

आता आपलं शहर बघा. निवृत्त शिक्षक आहेत, आशाताई आहेत, बचत गट आहेत, गणेश मंडळं आहेत, उत्तनला चर्चचे युवा गट आहेत, मीरा रोडला सोसायट्यांचे फेडरेशन आहेत. मानसशास्त्र आणि सोशल वर्क शिकणारी तुमच्या-माझ्या वयाची कितीतरी मुलं रोज चर्चगेटची गाडी पकडतात. शाळांनी आणि महापालिकेने यांच्यातून माणसं निवडून, शिकवून, आठवड्याचे ठरलेले दिवस शाळेत बसवायला काय हरकत आहे? पूर्ण वेळ समुपदेशकाची जागा याने भरून निघणार नाही, आणि ती मागायचंही सोडायचं नाही. चार-पाच शाळांमागे एक समुपदेशक आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक शाळेत एक ‘मित्र’, असा हिशेब मात्र जमू शकतो.

दोन गोष्टी बिघडल्या तर सगळंच बिघडेल

पहिली, गुपित. आपल्याकडे चौथ्या मजल्यावरची बातमी लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. मुलाने शाळेत सांगितलेलं संध्याकाळी सोसायटीत फिरलं, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून ऐकणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायचं असतं की तुझं बोलणं माझ्याकडेच राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी लैंगिक छळ करत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल. लैंगिक छळाबाबत तर पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचंच आहे. हे आधी सांगितलं तर फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरी, अर्धवट ट्रेनिंग. दोन तासांचं वर्कशॉप, गळ्यात आयकार्ड आणि फेसबुकवर फोटो. असा ‘समुपदेशक’ मुलाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ सांगून पाठवून देतो. नालंदातल्या मित्रांच्या मागे शिकवणारी आणि विचारपूस करणारी माणसं होती. ऐकणाऱ्यालाही कुणीतरी ऐकावं लागतं, नाहीतर तोच थकतो.

तुम्ही काय कराल?

लेख वाचून ‘सो ट्रू’ म्हणून स्टोरी टाकाल, माहितीये. त्याच्याआधी हे वाचा.

- घरात शाळेत जाणारं भावंड असेल, तर पुढच्या पालकसभेत आई-बाबांना एकच प्रश्न विचारायला सांगा. मुलांनी बोलायचं तर कुणाशी, आणि तो माणूस आठवड्यातून किती दिवस असतो?
- शाळेत तक्रारपेटी असेलच. ती कोण उघडतं, कधी उघडतं आणि पुढे काय होतं, तेही विचारा.
- तुमच्या जुन्या शाळेत जा. माजी विद्यार्थी म्हणून गेलं की दार लवकर उघडतं. हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत लावून देण्यापासून सुरुवात करा.
- कुणी बोलायला लागलं तर मध्ये तोडू नका. ‘माझ्या वेळी तर…’ नको. ‘एवढंच ना?’ तर अजिबात नको.
- कुणाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा वारंवार येत असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला सांगा.
- ‘टेली-मानस’ 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. अडचणीतल्या लहान मुलांसाठी 1098.

आणि ती चिठ्ठी

माझी मैत्रीण आता बरी आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तिथल्या समुपदेशकांकडे ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली, मग काही महिने जात राहिली. आज ती नोकरी करते आणि मला ‘तू अजून स्टायपेंडवरच का?’ म्हणून चिडवते.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. भाईंदर स्टेशनच्या बाहेर कटिंग पिताना तिने तो मोबाइलवर वाचला. मी विचारलं, ‘त्या दिवशी चिठ्ठीत काय लिहिलं होतंस, आता तरी सांग.’

ती म्हणाली, ‘रात्री झोप येत नाही, हे कुणाला सांगायचं?’

मी ‘मला सांगायचं होतंस ना’ असं म्हणणार होते. मग आठवलं, मी तेव्हा हसले होते. म्हणून काही बोलले नाही. तिला अजून एक चहा सांगितला.

तिच्या प्रश्नाला तेव्हा शाळेत उत्तर नव्हतं. यंदाच्या नववीतल्या एखादीनेही तो कुठल्या तरी वहीच्या मागच्या पानावर लिहिला असेल. तिला उत्तर म्हणून एका माणसाचं नाव, त्याची खोली आणि बसायची वेळ सांगता आली पाहिजे. तुमच्या जुन्या शाळेत ती सांगता येते का, तेवढं बघून या.